गटविम्याच्या यादीत वहिनी

लोकांना वाटतं मी धीट आहे. बाजार पडला की बोईसरच्या माझ्या दहा बाय दहाच्या ऑफिसात माणसं धापा टाकत येतात आणि मी त्यांना चहा पाजून, चार शब्द सुनावून घरी पाठवते. गप्प बसा, काही होत नाही, हे मी इतक्या ठसक्यात म्हणते की ते खरंच गप्प बसतात. पण त्यात माझं काय जातं? पैसे त्यांचे, घाबरायचं त्यांनी. माझी स्वतःची भीती कशी असते ते मला गेल्या वर्षी गणपती उरकल्यावर कळलं, पालघरच्या एका हॉस्पिटलात, कॅशलेसच्या खिडकीसमोर. ती अजून पुरती उतरलेली नाही.

मी म्युच्युअल फंडाची वितरक. म्हणजे लोकांच्या बचतीचे फॉर्म भरते आणि त्यावर मिळणाऱ्या कमिशनवर घर चालवते. या धंद्यात मला ज्यांनी आणलं त्यांना मी दादा म्हणते. तारापूरच्या बाजूच्या किनाऱ्यावरच्या गावातले, मच्छीमारांच्या घरातले. तरुणपणी बोटीवर गेले, मग पाठ धरली म्हणून बोट सोडून अल्पबचतीची कामं घेतली आणि तिथून फंडांत आले. आता साठी ओलांडली. किनाऱ्याची गावं त्यांची, कारखान्यातले लोक माझे, अशी आमची न बोलता झालेली वाटणी. ते मला बाय म्हणतात. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणते, आणि वहिनींच्या हातचं सुकटीचं कालवण खायला मी कामाचं खोटं निमित्त काढून जाते हे त्या दोघांनाही ठाऊक आहे.

आमच्या धंद्याची एक गंमत आहे. आम्ही लोकांना म्हातारपणाची सोय शिकवतो आणि आम्हाला स्वतःला साधी आजारपणाची रजा नाही. मालक नाही, पीएफ नाही, कोणी वाली नाही. म्हणून आमच्यासारख्यांची जी संघटना आहे, तिने विमा कंपनीशी वाटाघाटी करून सगळ्या सभासदांसाठी एक गटविमा ठरवला. एकट्याने विमा काढायला गेलं तर कंपनी जुन्या आजारासाठी काही वर्षं थांबायला लावते, नाहीतर दारातूनच परत पाठवते. संघटनेच्या पॉलिसीत जुना आजार पहिल्या दिवसापासून धरलेला होता. ही एकच अट दादांच्या कामाची होती. वहिनींना पंधरा वर्षं साखर, आणि दोन कंपन्यांनी त्यांचा अर्ज नाकारलेला. तोवर दादा संघटनेला चहाबिस्किटवाली मंडळी म्हणत. परिपत्रक आलं त्याच दिवशी त्यांनी वर्गणी भरली.

पालघर-बोईसर भागाची समन्वयक मी झाले. निवडून वगैरे काही नाही. सभेला उशिरा पोचले आणि सगळ्यांनी एकमताने माझ्याकडे बघितलं. फॉर्म भरून घ्यायचे, यादी मुंबईला पाठवायची, एवढंच काम.

आता इथे मला आमच्या धंद्यातली एक सवय सांगावी लागेल. आमच्यातले पुष्कळ जण ती करतात आणि कोणीच कबूल करत नाही. गिऱ्हाइकाच्या फॉर्मवर मोबाइलच्या रकान्यात त्याचा नंबर लिहायचा असतो. आम्ही आमचा लिहितो. नियमाने ते चूक आहे, साफ चूक. पण दुपारी अडीच वाजता ओटीपी आला आणि माझा माणूस कारखान्यात असेल, तर त्याचा फोन गेटवर जमा असतो. दादांचा, किनाऱ्यावरचा असेल तर तो बोटीवर, रेंजच्या बाहेर. कंत्राटी पोरं तर रिचार्ज स्वस्त मिळाला की नंबर बदलून मोकळी. तीनला त्या दिवसाचे व्यवहार बंद होतात, त्याच्या आत ओटीपी घातला नाही तर तो दिवस गेला. मग कशाला कटकट, म्हणून मी एकाला माझा नंबर लावला, मग दुसऱ्याला, आणि होता होता दोनशेच्या वर माणसांचे निरोप माझ्या एका फोनवर यायला लागले. मला त्याचा अभिमान होता, काय सांगू! केवढी सेवा देतो आपण, असं वाटायचं.

दादांचा विम्याचा फॉर्म मीच भरला. दुपारची वेळ होती, समोर फॉर्मांचा गठ्ठा, दादा शेजारी बसून जावयाच्या तक्रारी सांगत होते. नाव, जन्मतारीख, पत्नीचं नाव, तिचा आजार. मग मोबाइल. हात आपोआप चालला. मी काय लिहिलं ते माझ्या लक्षातही आलं नाही. दादांनी पेन्सिलच्या फुलीवर सही केली आणि आम्ही वडापाव मागवला.

पुढे कंपनीकडून प्रत्येक सभासदाला एक मेसेज गेला. त्यातली लिंक उघडून घरातल्यांची नावं बरोबर आहेत अशी खातरजमा करायची होती. मुदतीत नाही केली तर विमा फक्त सभासदाचा, घरच्यांचा नाही. मी सगळ्यांच्या मागे लागले. एकेकाला फोन करून अक्षरशः पिडलं. माझा मेसेज आला तो मी लगेच पुरा केला. दोन दिवसांनी तसलाच आणखी एक आला. मला वाटलं, मलाच परत आठवण करून देतायत. केलं ना बाबा एकदा, किती वेळा करू, असं पुटपुटत मी तो उघडला आणि बंद केला. ग्रुपवर मी विचारलं, सगळ्यांचं झालं का? दादांनी अंगठा पाठवला. दादा प्रत्येक गोष्टीला अंगठा पाठवतात. सुप्रभातला अंगठा, कोणी गेल्याच्या बातमीलाही अंगठा. मुदत संपली.

गणपती झाले. बोटी भरून येत होत्या. वहिनी मासळी साफ करायला बसल्या असताना शिंगाळा माशाचा काटा त्यांच्या पायाच्या अंगठ्याजवळ शिरला. साखरेने बधिर झालेला पाय, दुखलंच नाही. हळद लावली आणि चार दिवस तशाच वावरल्या. पाचव्या दिवशी बोटं काळी पडली आणि ताप चढला. दादांनी त्यांना रिक्षात घालून पालघरला नेलं आणि तिथून मला फोन केला. आवाज खाली गेलेला. विम्याचं कार्ड चालंल ना, एवढंच विचारत होते. मी म्हटलं, चालेल काय, धावेल! तुम्ही वहिनींजवळ बसा, कागद माझ्यावर सोडा.

आणि मी रुबाबात निघाले. खरं सांगते, रुबाबातच. कोळगावच्या सरकारी कचेऱ्यांवरून रिक्षा जाताना मी मनातल्या मनात संघटनेच्या पुढच्या सभेतलं भाषणसुद्धा जुळवत होते, की बघा, आपल्या भागातला पहिला दावा कसा सुरळीत झाला.

डॉक्टर तरुण होते, स्पष्ट बोलणारे. जखम आज साफ करतो म्हणाले. पण पायाची रक्तवाहिनी तुंबली आहे, ती उद्या सकाळी उघडली पाहिजे. ती उघडली तर एखाददुसरं बोट जाईल. थांबलात तर मी पाऊल वाचवायची हमी देणार नाही, आणि पुढे किती वर जावं लागेल तेही सांगणार नाही. उद्याच्या त्या कामासाठी विम्याची मंजुरी हवी होती, नाहीतर मोठी अनामत. दादांनी होतं नव्हतं ते आदल्या वर्षी मुलीच्या घराला दिलेलं, आणि माझ्याकडचं दिलं तरी निम्म्यालाही पुरणारं नव्हतं. पण त्याची मला काळजीच नव्हती. कार्ड होतं ना.

खिडकीवरच्या मुलीने कार्डाचा नंबर घातला आणि म्हणाली, पेशंट यात नाहीत. मी तिच्यावर डाफरले. नीट बघ, जुना आजार पहिल्या दिवसापासून आहे, ही ग्रुप पॉलिसी आहे, मी स्वतः समन्वयक आहे. तिने बिचारीने एक शब्द उलट काढला नाही. कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. सभासद, नाव बरोबर. पत्नी, खातरजमा नाही, समाविष्ट नाही. खाली नोंदलेला मोबाइल, फुल्या आणि शेवटचे चार आकडे.

ते आकडे माझे होते.

मी त्या मुलीला थँक्यू म्हटलं, का म्हटलं देव जाणे, आणि जिन्याखाली जाऊन फोन उघडला. दोनशे माणसांच्या निरोपांच्या ढिगात बोट सरकवत गेले. सापडला. मी उघडून बंद केलेला तो दुसरा मेसेज. वर दादांचं नाव होतं, स्पष्ट, मराठीत. मी ते वाचलंही नव्हतं. मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि एकच विचार डोक्यात घुमायला लागला, की वहिनींचा पाय माझ्यामुळे जाणार.

संघटनेच्या विमा समितीवर मुंबईचे एक गृहस्थ आहेत. वयाने मोठे, सज्जन माणूस. त्यांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकलं. मुदत गेली की नाव घालता येत नाही, म्हणाले, एकच वाट आहे. यादी करताना समन्वयकाकडून चूक झाली असं लेखी दिलं, तर संघटना कंपनीला विनंती करू शकते, तेवढं कलम आपण भांडून घातलंय. पण चूक कशी झाली ते लिहावं लागेल. त्यांच्या फॉर्मवर तुमचा नंबर का आहे, ते.

का ते त्यांनाही ठाऊक होतं. आम्ही दोघंही त्याच धंद्यातले.

मग त्यांनीच आवाज उतरवला आणि सुचवलं, की सभासदाने मधल्या काळात नंबर बदलला असं काही लिहिता येईल का बघा. ते सही करतील ना? त्यांनी माझ्या काळजीपोटी सांगितलं, मी त्यांना दोष देत नाही. मी म्हटलं, अर्ध्या तासात कळवते.

तो अर्धा तास मी कसा काढला ते माझं मला माहीत. आता मला दोन भीती होत्या आणि त्या एकमेकींना रेटत होत्या. एक वहिनींच्या पायाची. दुसरी माझ्या पोटाची. खरं लिहिलं तर ते कागदावर येणार. कोणीतरी विचारणार, हा एकच फॉर्म की आणखी आहेत? मग फोनवरचे दोनशेच्या वर लोक बाहेर येणार आणि वितरक म्हणून माझी नोंदणी जाणार. नवऱ्याची औद्योगिक वसाहतीतली नोकरी दोन वर्षांपूर्वी सुटलेली, मुलगी कॉलेजात. चूल माझ्याच कमिशनवर पेटते. लाज वाटते सांगायला, पण मी खोटंच लिहिलं. सदस्याने मोबाइल क्रमांक बदलल्यामुळे, अशी सुरुवात केली, खालच्या दुकानातून कागद छापून आणला आणि दादांची सही घ्यायला वर गेले.

वहिनी खाटेवर होत्या, तापाने डोळे लाल. दादा त्यांचा दुसरा पाय, धड पाय, हातात धरून बसलेले. मला बघून वहिनी म्हणाल्या, "बाय, पाय ठेवतील ना माजा?" दादांनी माझ्या हातात कागद बघितला आणि पेनासाठी हात पुढे केला. काय लिहिलंय, कशाचा कागद, काही नाही.

"कुठं करू सही?"

मी कागद मागे ओढला. थोडा फाटलाच. चुकीचा छापला, म्हटलं, आणि बाहेर पळाले. त्या माणसाने इतकी वर्षं मी दाखवली तिथे सही केली होती, आणि आज मी त्याच्याकडून त्याच्याच अंगावर चूक लिहून घेणार होते. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

बाकावर बसून फोनवरच चार ओळी लिहून मुंबईला पाठवल्या. अर्ज मी भरला. मोबाइलच्या जागी सवयीने माझा नंबर लिहिला. मेसेज मला आला, मी तो न वाचता बंद केला. सदस्यांची आणि त्यांच्या पत्नीची यात काहीही चूक नाही. मुंबईच्या गृहस्थांचा लगेच फोन आला. सवयीने हा शब्द काढू का, त्यांनी विचारलं, त्याने उगाच दारं उघडतील. माझी तर पाचावर धारण बसलेली, काढा म्हणायला तोंड उघडलंही. पण तो शब्द काढला तर मग मी तो नंबर लिहिला तरी का, याला काही उत्तरच उरत नव्हतं आणि कंपनी तिथेच अडली असती. मी म्हटलं, राहू द्या.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मंजुरी आली. तोपर्यंत मी काय काय नवस बोलले ते सांगत नाही, फेडायचे आहेत. वहिनींची दोन बोटं गेली. पाऊल राहिलं.

दादांना मी काही सांगितलं नव्हतं. धीर झाला नाही. पंधरा दिवसांनी संघटनेचं पत्र आलं, अगदी सभ्य भाषेत. आपण सवयीने असं लिहिलं आहे. अशा प्रकारे आपला क्रमांक आणखी किती जणांच्या अर्जांवर आहे, ते आठ दिवसांत कळवावं. पत्र वाचून माझं धाबं दणाणलं. आकडा सांगायचा की दाबायचा? सल्ला घ्यायला जगात मला एकच माणूस होता, आणि त्यालाच आधी सगळं सांगावं लागणार होतं.

मी गेले. वहिनी ओटीवर पाय उशीवर ठेवून बसलेल्या, दादा खाली. मी उभ्याउभ्याच सगळं ओकून टाकलं. नंबर, मेसेज, आणि तो फाटलेला कागदसुद्धा. रडले, लपवत नाही. दादा उलट माझीच समजूत घालायला लागले. म्हणाले, "मला मेसेज येत नाय ते ठाऊक होतं. बरं वाटायचं. तू हायस ना, म्हणून मी कदी इचारलाच नाय."

मी डोळे पुसले. सुटले, असं क्षणभर वाटलंही.

पण वहिनी माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही, नुसत्या बघत होत्या. नवरा याच धंद्यात असला तरी त्यांचीही बचत माझ्याकडे आहे. सुकी मासळी विकून महिन्याला बाजूला टाकतात ती. त्यांनी विचारलं, त्या पैशाचा मेसेज पण तुज्याच फोनवर येतो काय? मी हो म्हटलं. अजून कोनाकोनाचा? मी मान खाली घातली. त्यांनी पायाकडे बघितलं, दोन बोटं नव्हती तिथे, आणि सरळ आवाजात म्हणाल्या,

"आनि उद्या तुला काय झालं, तर आमाला कोन सांगल?"

वीस वर्षं हा प्रश्न मी दुसऱ्यांना विचारत आलेय. उद्या तुम्हाला काही झालं तर, असं म्हणूनच मी फॉर्म पुढे सरकवते. मला तो कोणी विचारला नव्हता. दोनशेच्या वर माणसं, कुठे किती पैसे आहेत ते त्यांना नीट माहीत नाही, आणि ते सगळं एका बाईच्या पर्समधल्या एका फोनवर. मी त्या ओटीवर जितकी घाबरले तितकी हॉस्पिटलातही घाबरले नव्हते.

घरी येऊन मी वही काढली आणि नावं मोजली. दोनशे सतरा निघाली. पत्राला उत्तर लिहून तो आकडा कळवला आणि खाली सही केली.